चांगुणाबाईंना हवा होता कॉफीचा

सावेडीतल्या मुलींच्या वसतिगृहात चांगुणाबाई पंधरा वर्षं पोळ्या लाटत होत्या. साठ मुलींचा स्वयंपाक. घरी आल्या तरी अंगाला फोडणीचा वास असायचाच. नागापूरला कंपनीत कायम झाल्यावर मुलगा ओम म्हणाला, "आई, तुला सेंट घेऊ. तुझ्या पसंतीचा."

म्हणून ओम, सून मोनिका आणि त्या, असे तिघं सेंटच्या दुकानात गेले. दुकानदार फैयाजनं दोन बाटल्या काढल्या, एक कॉफीची, एक मोगऱ्याची. दोन्ही अशा, की आवडल्या तर जीव की प्राण, नाहीतर डोकं उठतं, असं त्यानंच आधी सांगून टाकलं.

कॉफीचा वास घेतला आणि चांगुणाबाईंना तो एकदम भावला. कडूसर, भाजका, ऊबदार. का आवडला ते सांगता आलं नसतं. पण त्यांनी तोंड उघडायच्या आत ओम म्हणाला की हा तर जळका वास आहे. मोनिकाला मोगरा सहन होईना, पण आईंच्या वयाला कॉफी शोभायची नाही, असं तिचंही मत पडलं. मग दोघांत बराच वेळ चर्चा झाली. चांगुणाबाई एकदा म्हणाल्या, "मला तर ह्यो..." पण तोवर दोघांनी मोगराच ठरवला आणि फैयाजनं तो बांधायलाही घेतला होता.

दुसऱ्या दिवशी त्या मोगरा लावून कामावर गेल्या. तेलाच्या वाफेत तो असा काही उग्र झाला की मुली नाक धरून जेवल्या. चांगुणाबाईंचं स्वतःचंच कपाळ ठणकायला लागलं.

दुपारी त्या बाटली घेऊन एकट्याच रिक्षानं दुकानात गेल्या. उघडलेली बाटली परत घेता येत नाही, असं म्हणत फैयाजनं हात जोडले. त्यांचा पडलेला चेहरा बघून त्यानं कॉफीचा एक फवारा मनगटावर मारून दिला. रिक्षात त्या सारख्या मनगट नाकाशी नेत होत्या. वसतिगृहात पोचल्या, तर समोर कणकेची परात. हात धुवावेच लागले. साबणानं, कोपरापर्यंत. नळाखाली हात धरताना त्यांना रडूच फुटणार होतं, ते त्यांनी कसंबसं गिळलं.

चार-पाच दिवसांनी एका संध्याकाळी ओमनं विचारलं, "सेंट लावत न्हाईस का गं?"

"मला दुसरा पाहिजे हुता," त्या म्हणाल्या. "तू मला विचारलंस खरं, पन माझं बोलनं संपायच्या आत तुमीच ठरवून टाकलं."

ओम म्हणाला की पुढच्या महिन्यात तोही घेऊ, त्यात काय एवढं.

त्यात काय एवढं, हे चांगुणाबाईंना सांगता येईना. त्यांनी मोगऱ्याची बाटली मोनिकाच्या हातात दिली, ती तिनं डोकं दुखतं म्हणून परत टेबलावर ठेवली, आणि तिघं जेवायला बसले.