तीनदा विचारणारी

वाशीमला आमच्या शेजारची मुलगी बंगळुरात विमानांच्या रडारवर संशोधन करते. सुटीत घरी आली की आमचं डोकं खाते, कारण एकच गोष्ट ती तीन-तीनदा विचारते. "भाऊ, रिसोडची गाडी किती वाजता हाय?" मी सांगतो. चहाचा घोट घेऊन पुन्हा तेच. एकदा मी भडकलोच.

ती हसली. "एका डावाच्या ऐकन्यावर माहा भरोसा नाही, भाऊ. आभाळात सोडलेली रडारची लहर परत येते तवा तिच्यात कचरा लय असते. मंग पुन्हा पुन्हा आयकाचं. कचरा दर डावाले बदलते, खरं असते ते जागच्या जागी राह्यते."

माझ्या आईजवळ मात्र तीच बसते. आई हल्ली विसरते, आणि सासरी आली त्या दिवसाची एकच गोष्ट रोज सांगते. पुढच्या बैलबंडीत बाबा, मागच्या बंडीत आई. आम्ही उठून जातो. बाबा पेपरामागे लपतात.

काल पुन्हा तीच गोष्ट निघाली. परवाचे पांढरे बैल काल तांबडे झाले. मी लगेच चूक काढली.

"बैल बदलू द्या ना, भाऊ," ती म्हणाली. "काकू हसते कुठं, ते पाह्यलं का? दर डावाले एकाच जागी. काकाजीनं मांगं वळून पाह्यलं म्हनते, तिथंच."

आई लाजली. पेपर हलला.

"एकदा नाही," बाबा पेपरामागूनच म्हणाले, "तीनदा पाह्यलं होतं."