हार्लनने घडवलेला खिळा

हार्लन टिबेटचा कशावरही विश्वास नव्हता. नवं फावडं घेतलं तरी आधी खिशातलं लोहचुंबक लावून बघणार, मग नखाने वाजवणार, मग दुकानदाराकडे असं बघणार की त्या बिचाऱ्याला आपणच चोर असल्यासारखं वाटावं. आमच्या खोऱ्यातल्या लाकडाच्या गिरणीत यंत्रांचे लोखंडी भाग कापायची लेथ अडतीस वर्षं चालवली त्याने. गिरणी बंद पडली तेव्हा सगळे रडत घरी गेले आणि हा पठ्ठ्या मोडीत निघालेली लेथ ट्रकवर घालून घरी घेऊन आला. परसातल्या शेडमध्ये ती बसवली, तेव्हा त्याची बायको लोर्ना म्हणाली होती, "बरं झालं, सवत दारात आली, आता निदान डोळ्यांसमोर राहील."

मी त्याच गिरणीच्या कचेरीत हजेरी लिहायची. आता सहासष्टाव्या वर्षी भाच्याच्या, कोडीच्या, दुकानात बसते. काचेच्या नळ्या, चिलमी, अर्क ठेवायच्या इवल्याशा डब्या, असलं सगळं विकते. कोडीला वाटतं, म्हातारी बाई गल्ल्यावर असली की दुकान सभ्य दिसतं.

हार्लन त्या दुकानाची पायरी चढेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. गिरणीत नशा पकडायला लघवी तपासायचे, त्यामुळे त्याने जन्मात गांजाचा एक झुरका घेतला नव्हता. मार्चमध्ये एका सकाळी तो आत आला, टोपी काढली आणि म्हणाला, "मार्लिस, खिळा दाखव."

"वाट चुकलास काय रे? हार्डवेअरवाला पुढच्या चौकात."

"चेष्टा नको. लोर्नासाठी हवाय."

लोर्नाचा कॅन्सर हाडांत उतरल्याचं गावभर माहीत होतं. गोळ्या पोटात ठरत नव्हत्या. डॉक्टरच्या चिठ्ठीवर सरकारी कार्ड मिळालं होतं आणि गांजाचा तो मेणासारखा अर्क तिला चालत होता. तांदळाच्या दाण्याएवढा अर्क तापलेल्या खिळ्याच्या, म्हणजे नळीच्या तोंडात बसणाऱ्या दांड्याच्या, वाटीत टेकवायचा, त्याची वाफ पाण्याच्या नळीतून ओढायची, की तास-दोन तास दुखणं मागे सरायचं. पण काचेचा खिळा तिच्या कापऱ्या हातांनी तीनदा फोडला होता.

मी टायटॅनियमचे पाच खिळे काढून मांडले. हार्लनने लोहचुंबक काढलं. पहिलाच टपकन चिकटला.

"कोडी! हे टायटॅनियम? लेका, हे पोलाद आहे, वरून रंग फासलेलं. हे तापवून माझ्या बायकोला हुंगायला देतोस?"

कोडी बिचारा लाल झाला. उरलेले हार्लनने मागच्या खोलीतल्या ग्राइंडरला जरासे टेकवून पाहिले. एकाच्या ठिणग्या अस्सल टायटॅनियमसारख्या पांढऱ्याशुभ्र उडाल्या, तेव्हा कुठे त्याची मान हलली. तोच घेतला.

वापरायचा कसा ते मी सांगितलं. आधी तीन-चारदा लालबुंद तापवून पाण्यात बुडव, मग थोडा अर्क त्यावर जाळ, बिडाचा तवा नवा असताना तेल पाजतो तसं. मग रोजचं काम सोपं. गॅसच्या ज्योतीच्या टॉर्चने लाल कर, ज्योत बंद कर आणि चाळीसपर्यंत मोज. घाई केलीस तर वाफ घसा भाजते.

"चाळीस," हार्लन म्हणाला. घरी जाऊन त्याने शेडच्या दारावर पेन्सिलीने चाळीस लिहून ठेवलं. या खिळ्याला चाळीस, असं मी म्हणायला हवं होतं. मी नुसतं चाळीस म्हणाले.

तो उन्हाळा लोर्नाला बरा गेला. दुपारी मी मक्याचा केक नाहीतर ब्लॅकबेरी घेऊन जायची, तर ती व्हरांड्यात पांघरूण घेऊन बसलेली असायची आणि हार्लन समोर टॉर्च धरून मोठ्याने मोजत असायचा. लोर्ना ओरडायची, "हळू मोज की! कुठं आग लागलीय?" सव्वीस वर्षं तिने शाळेची बस चालवली होती. आरशात बघून नुसतं "खाली बसा" म्हणाली तरी मागच्या बाकावरचे दांडगट खाली बसायचे. अंग एवढंसं झालं होतं, पण आवाज तोच होता.

त्या आवाजानेच घरात एकदा घात केला होता. त्यांची एकुलती लेक डीना. तिला दारूचं व्यसन होतं. लोर्नाची आई गेली तेव्हा डीना अंत्यविधीला आली आणि दारातच जरा अडखळली. लोर्ना भरल्या लोकांत गरजली, "पिऊन आली असशील तर तशीच मागे फीर." डीना मागे फिरली. नंतर कळलं की पोरीने सहा महिने थेंबाला शिवलं नव्हतं. रात्रभर गाडी चालवून ती आली होती, एवढंच. ती अलास्कात केचिकनला निघून गेली आणि अकरा वर्षं मायलेकी एकमेकींशी बोलल्या नाहीत. लोर्नाला आपलं चुकलंय हे माहीत होतं, पण कबूल करायचं म्हटलं की तिची मान ताठ व्हायची.

सप्टेंबरात हार्लनने लेकीला पत्र लिहिलं. आई फार दिवसांची नाही, एवढंच. उत्तर आलं: रविवारी चार वाजता फोन करीन.

तो आठवडा लोर्ना एकच वाक्य घोकत होती. "डीना, त्या दिवशी तू प्यायली नव्हतीस, माझं चुकलं." मला म्हणाली, "मार्लिस, ऐक, नीट वाटतं का? का नुसतंच 'माझं चुकलं' म्हणू?"

"जे तोंडातून निघेल ते म्हण गं."

"निघेल ना. बस चालवत होते मी, मुकी नव्हते."

पण दुखणं वाढलं होतं. तिचा श्वास आता तोकडा पडायचा. एवढासा खिळा, तिने दोनदा दम घेईपर्यंत निवायचा आणि निम्मा अर्क वाटीत तसाच राहायचा. दुखणं चढलेलं असलं की तिला वाक्य पुरं करता यायचं नाही. हार्लनच्या जिवाला ते लागलं. रविवारी चार वाजता तिचं डोकं ठिकाणावर हवं, बोलण्यापुरतं तरी दुखणं थांबायला हवं, एवढंच त्याच्या मनात होतं. त्याच्याकडे विमानाच्या कारखान्यातून आलेली चोख टायटॅनियमची कांब पडून होती. तीन दिवस तो शेडमधून बाहेर आला नाही.

शुक्रवारी त्याने तो खिळा दुकानात आणून माझ्या तळहातावर ठेवला. काय काम होतं! वाटीची कड गोल, आतून आरसा, कुठे ओरखडा नाही. आणि जड. विकतच्याहून दुप्पट जाड.

"बघ म्हणावं तुझ्या भाच्याला, खिळा याला म्हणतात. आता निवायचं नाव घेणार नाही. एका तापवणीत तिचा सगळा अर्क पुरा होईल."

हातावर वजन पडलं त्याच क्षणी माझ्या मनात आलं, याला चाळीस पुरायचे नाहीत. याला सत्तर तरी मोजावे लागतील. मी तोंड उघडलं. पण हार्लन कोडीच्या मालाची हजेरी घेण्यात रंगला होता, दोन गिऱ्हाइकं हसत होती, आणि मला वाटलं, अडतीस वर्षं धातू कापणाऱ्याला मी हजेरी लिहिणारी बाई काय अक्कल शिकवणार? त्याला कळत असेलच. पण त्याने स्वतः कधी ओढलं नव्हतं. कळणार कुठून?

रविवारी तीनला मी त्यांच्याकडे गेले. लख्ख ऊन होतं. लोर्नाने केस विंचरून घेतले होते, फोनवर बोलायचं होतं म्हणून लिपस्टिक लावली होती. मी थट्टा केली तर म्हणाली, "लेकीला आवाजावरून कळतं, आई पसरलीय की बसलीय."

साडेतीनला हार्लनने नवा खिळा तापवला. ज्योत बंद केली आणि मोजायला लागला. उन्हात तापलेल्या धातूचा लाल रंग दिसत नाही. खिळा राखाडी, शांत दिसत होता. एकतीस, बत्तीस. मी व्हरांड्याच्या पायरीवर बसले होते. आता तरी बोलायला हवं होतं मी. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. लोर्नाने त्याच्यावर विश्वास टाकून एकदम पूर्ण ओढलं. तीन दिवस खपून केलेला खिळा, नवऱ्याचं मन राखायला हवं होतं तिला.

तो खोकला मी विसरणार नाही. हार्लनने तिला धरलं, मी पाणी आणलं, ते नाकातून बाहेर आलं. वीस मिनिटांनी खोकला थांबला तेव्हा ती हार्लनकडे बघून काहीतरी म्हणाली आणि आवाजच आला नाही. नुसती हवा. तिने पुन्हा ओठ हलवले. हार्लनचा चेहरा पांढराफटक पडला.

बरोबर चारला फोन वाजला. हार्लनने उचलला, कसंबसं म्हणाला, "डीना, थांब, आई आहे इथे," आणि पुढचं काही सांगायच्या आत लोर्नाने फोन त्याच्या हातातून ओढून कानाला लावला. तिला वाटलं, जोर केला की निघेल. मानेच्या शिरा ताठ झाल्या. पलीकडून डीनाचा आवाज मला पायरीवरही ऐकू येत होता. "मॉम? ... मॉम, बोल ना." मग बराच वेळ काही नाही. मग फोन ठेवल्याचा आवाज.

आणि तेव्हा, फोन ठेवल्यानंतर, लोर्नाच्या गळ्यातून निघालं. किडक्या दारासारखं, पण स्पष्ट. "डीना." बस, तेवढंच. हार्लनने ऐकलं, मी ऐकलं.

त्याने परत फोन लावला, दहादा लावला. तिने उचलला नाही. शेवटी पुन्हा पत्र लिहिलं. ते केचिकनला पोचायच्या आत, अकराव्या दिवशी, लोर्ना गेली. शेवटपर्यंत तिचा आवाज काही परत आला नाही. पाटीवर लिहून द्यायची. एकदा मला लिहून दाखवलं, "हार्लनला म्हणू नकोस की खिळ्याने झालं." जसं काही त्याला कळलंच नव्हतं.

आई गेल्याचं गावातल्या कुणाकडून कळलं, तशी डीना अंत्यविधीला आली. पन्नाशीला टेकलेली, आईसारखी हनुवटी. सगळे गेल्यावर आम्ही तिघं स्वयंपाकघरात बसलो, टेबलावर लोकांनी आणून दिलेली जेवणाची भांडी झाकून ठेवलेली. हार्लनने खिशातून तो खिळा काढून लेकीसमोर ठेवला आणि सगळं सांगितलं. ती वाक्य कसं घोकत होती तेही, वाक्यासकट. आवाज न चढवता, गिरणीत बिघाडाची नोंद सांगायचा तसं. माझ्याबद्दल त्याने एक अक्षर काढलं नाही. मीच म्हणाले, "मला माहीत होतं, डीना. मी बोलले नाही." तिने माझ्याकडे बघितलं, पण तिचं लक्ष दुसरीकडेच होतं.

"मी मोजत होते," ती म्हणाली. "मनात म्हटलं, वीसपर्यंत मोजायचं. तोवर बोलली नाही तर म्हातारी मला छळायलाच गप्प बसलीय. वीस झाले आणि ठेवला." मग तिने बापाकडे बघितलं. "डॅड, खरं सांग. मी ठेवल्यावर बोलली का ती काही?"

हार्लनने माझ्याकडे बघितलं. फावड्यालासुद्धा चुंबक लावणारा माणूस. गिरणीत त्याने खोटा आकडा कधी लिहू दिला नाही मला, एकदाही नाही.

"नाही," तो म्हणाला. "तू संध्याकाळपर्यंत फोन धरून बसली असतीस तरी काही आलं नसतं. माझ्या खिळ्याने तिचा घसाच गेला होता, बेटा. तुझ्या वीसने काय होणार होतं?"

डीना टेबलावर डोकं टेकून रडायला लागली. हार्लन तिच्या पाठीवर हात ठेवून बसला. मी उठले, आणि कोणाच्या भांड्यात काय आहे ते बघत ओव्हन पेटवला. या वेळीही मी बोलले नाही.