विणकराची सोबत

आमच्या गल्लीतला एक विणकर प्यायचा तेव्हा भरचौकात, उजळ माथ्यानं पडायचा. दारू सोडल्यावर मात्र ती सोडलेल्यांच्या बैठकीला नदीकाठच्या कारध्याला लपून जायचा. विचारलं की म्हणे, "मासोळ्या धराले." रिकाम्या हातानं परतायचा, वर नदीलाच नावं ठेवायचा.

आमचे हेही पीत. कितीदा विनवलं, बैठकीला जाईनात. एक दिवस हा विणकर आमच्या दारात आला अन् नळावरच्या बायांसमोर मोठ्यानं म्हणाला, "काका, मी बेवडा आहो. एकटा निघालो की पाय भट्टीकडं वळतात. बैठकीपर्यंत सोबत चालता का?"

ह्यांनी चपला घातल्या. "बिचाऱ्याले पोचवून येतो," म्हणाले.

सहा महिने झाले, अजून पोचवतात. अन् पीत नाहीत. म्हणतात, "त्याले न्यायचं तर आपण शुद्धीवर पायजे ना."