निवट्यांची साक्ष

मंगळवार, ७ मार्च १९८९. सकाळी आठ वाजता आमच्या सांडपाणी केंद्राच्या शेवटच्या टाकीत मासे सोडण्यात आले. हुकूम साहेबांचा, अंमलबजावणी माझी.

केंद्र लहान होते. कामतघरकडून येणारा नाला त्यात शिरे. घरांचा मैला आणि कारखान्यांचा रंग एकाच वाटेने, सलोख्याने. ते पाणी निवळून आम्ही खाडीत सोडायचे होते. मात्र पाण्यात हवा कालवणाऱ्या दोन मोटरींपैकी एक जळाली होती आणि त्याच सकाळी तपासनीस यायचे होते. त्यांनी होकार दिला की खाडीकडचे दार कायमचे उघडणार. दाराच्या खालच्या अंगाला एका बाईची जाळी लागत. तिचे घर जाळ्यात येणाऱ्या कोळंबीवर चाले. अर्धेकच्चे पाणी सुटले की कोळंबी संपली.

मोटर दुरुस्त करा, असे मी साहेबांना दोनदा सांगितले होते. साहेब देशावरचे, जन्माचे शाकाहारी.

"मोटर कोण बघतो? टाकीत जिवंत मासे दाखवा. मासे जगले की पाणी पास."

मासे आणायला त्यांनी त्याच बाईला सांगितले. मरणार नाहीत असे. तिने निवट्या आणल्या. खाडीच्या चिखलात उड्या मारणारा, बेडकाच्या डोळ्यांचा हा मासा पाण्याबाहेरही खुशाल जगतो.

"बाय, हे काय आणलंस?"

"सायबानी सांगतलं, मरनार न्हाय असा मासा आन. ह्यो तव्यावं टाकला तरी डोलं वटारतो, भाऊ."

"आज पाणी पास झालं, तर ते तुझ्या जाळ्यावर येणार."

तिने टोपली खाली ठेवली. "ह्या मना कुनी सांगतला न्हाय."

तपासनीस आले तेव्हा टाकीत एकही मासा नव्हता. सगळ्या निवट्या काठाच्या भिंतीवर चढून ओळीने बसल्या होत्या आणि सत्काराला जमलेल्या पाहुण्यांप्रमाणे आमच्याकडे पाहत होत्या.

"मासे बाहेर का?" तपासनीसांनी विचारले.

"उन्हाला बसलेत, सर," साहेब म्हणाले. "पाणी थंड आहे."

तपासनीस अलिबागकडचे निघाले. "अहो, या निवट्या! आमच्याकडे यांचं कालवण करतात. गटारात बाळंतपण उरकणारी जात ही. तिलाही तुमच्या पाण्यात बसवेना, आणि तुम्ही ते खाडीत सोडणार?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी जळक्या मोटरीकडे पाहिले.

तपासनीसांनी दोन बादल्या मागवल्या. एकीत नुसते खाडीचे पाणी, दुसरीत निम्मे खाडीचे, निम्मे आमचे. बाईच्या टोपलीत सकाळची कोळंबी अजून वळवळत होती. तिने टोपलीवर पदर ओढला.

"सायबाचा मासा झाला, आता माझी कोळंबी मारताव?"

"थोडी इथे मेली, तर बाकीची खाडीत जगेल," मी म्हणालो.

तिने विचार केला. "बारकी देते. मोठी बाजारात जायची हाय."

चहा आला. तो संपण्यापूर्वीच मिसळलेल्या बादलीतली कोळंबी कुशीवर झाली. खाडीच्या पाण्यातली फिरत राहिली. तपासनीसांनी कप खाली ठेवला.

"दुसरी मोटर चालू होईपर्यंत दार बंद. तोवर पाणी तुमच्याच आवारातल्या तळ्यात कोंडा. वासही तुम्हीच घ्या."

ते गेल्यावर साहेब माझ्यावर उखडले. "तुम्हाला आधी बोलता येत नव्हतं?"

"दोनदा बोललो होतो."

त्यांनी मोटर खोलायला माणूस बोलावला. बाईने जिवंत कोळंबी बादलीतून परत टोपलीत घेतली. निवट्यांना मात्र हात लावला नाही. आमच्या टाकीत बुडून आलेला मासा कोण खाणार, हा तिचा प्रश्न रास्त होता.

मी दाराचे चाक आवळून कुलूप घातले. भरती आल्यावर निवट्या खाडीत सोडल्या. कोणी आभार मानले नाहीत. मग दोन्ही बादल्या धुतल्या आणि पालथ्या घातल्या.