सुपाएवढे कान

वैशाखातल्या दुपारी काळ्या शाईला एक वेगळाच वास येतो. तापलेल्या पत्र्याखाली उघडी राहिलेली दौत, टाकाच्या टोकावर बघता बघता सुकणारा थेंब, मनगटाच्या घामाने ओलावलेला कागद आणि खालच्या अडतीतून जिना चढून येणारी हळदीची धूळ, या साऱ्यांचा मिळून झालेला तो गंध. सत्तर साल उलटून गेल्यानंतरच्या त्या वर्षांत, सांगलीतल्या माडीवरच्या खोलीत बसून, मी भर वैशाखात दिवाळी काढत असे. बाहेर रस्त्यावरचे डांबर पाघळायचे आणि माझ्या कागदावर आकाशकंदील झुलायचे, अभ्यंगस्नानाला कुडकुडणारे नवरे उभे राहायचे, आणि त्यांच्यामागे लाटणे उगारलेली ती सनातन बायको! दिवाळी अंकांचे संपादक निरनिराळे, मागणी मात्र एकच. एकच विनोद वर्षानुवर्षे रेखाटणाऱ्या हाताला केवढा शीण येतो, हे तुम्हांला कसे सांगू? हसवण्याचा धंदा करणाऱ्याला ‘कंटाळलो’ म्हणायचीही सोय नसते. लोक त्यालाही हसतात.

अंकांचे काम नसे तेव्हा मी अर्कचित्रे काढत हिंडायचो. कधी कोयनानगरच्या वसाहतीतले स्नेहसंमेलन, कधी साखर कारखान्याचा समारंभ, चैत्रात गावोगावच्या जत्रा. कापडाच्या सावलीत एक स्टूल, कागद लावायची एक फळी, आणि समोर बसेल त्याचा चेहरा. माणसाच्या मुखावर विधात्याने कुठे हात सैल सोडला आहे ते हेरायचे आणि तिथेच आपला टाकही सैल सोडायचा, एवढेच ते शास्त्र. पण त्या स्टुलावर मी जे पाहिले त्याने मन विटत गेले. शेजाऱ्याचे नाक वाढवले की टाळ्या पडत, आणि आपले वाढले की तोच रसिक कागद चुरगळून उठून जाई. मग कुणासाठी हा खटाटोप? आपण माणसांना आनंद देतो की नुसते ओरखडे काढतो? हा प्रश्न तेव्हा मला दिवसरात्र छळत होता. हे सारे सोडून कुठल्यातरी शाळेत मुलांना घडा आणि वांगे काढायला शिकवावे, असे मी मनाशी जवळजवळ ठरवले होते.

अशाच एका चैत्रात रहिमतपूरजवळच्या जत्रेत हणमंत समोर बसला. पलटणीतून रजेवर आलेला, उंचापुरा, मोकळ्या तोंडाचा गडी. कान जरा बाहेर आलेले. मी ते सुपाएवढे केले, मधे इवलासा चेहरा ठेवला आणि वर बारकी टोपी चढवली. भोवतीची गर्दी खिदळली. हणमंताने कागद हातात घेतला आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. “मास्तर, कान आनी जरा वाढवा की! सायबाची शिवी लांबनंच ऐकू ईल,” म्हणाला, आणि चित्र गुंडाळून घरी घेऊन गेला. मी त्याला विसरूनही गेलो.

वैशाखात एका दुपारी त्याचे वडील, आबा, धोतराचा सोगा सावरत माझा जिना चढून आले. हणमंत पलटणीत परतला होता, आणि मागाहून जत तालुक्यातल्या एका घरून त्याला मुलगी सांगून आली होती. मुलीकडच्यांनी मुलाचा फोटो मागितला. घरात होता तो सबंध पलटणीचा, आणि त्यात हणमंताचे तोंड ज्वारीच्या दाण्याएवढे. तेव्हा आबांनी निर्मळ मनाने भिंतीवरचे माझे चित्र काढले आणि तेच धाडून दिले! मुलीकडून निरोप आला की थट्टा करायला आमचेच घर सापडले का.

“आवं, त्येचंच चित्र हाय न्हवं? मग चुकलं काय माजं?” आबा कळवळून म्हणाले. “लय चांगलं घर हाय. आता तुमीच चला. कान तुमी वाढिवलं, तुमीच कमी करा.”

मला हसू आले नाही. एका पोराचे लग्न माझ्या दोन रेघांपायी मोडत होते. मी आठवून आठवून हणमंताचे एक सरळ, सुबक, प्रमाणबद्ध चित्र काढले आणि दुसऱ्या दिवशी आबांबरोबर एसटीत बसलो. मिरज मागे पडली, ऊस सरला, आणि मग मेंढरांचे कळप व पाण्याच्या टँकरभोवती जमलेल्या घागरी दिसू लागल्या. त्या रखरखीत, उजाड मुलखात माझ्या विनोदाला काय स्थान असणार होते?

मुलीचे वडील, अण्णा, घोंगड्यावर बसले होते. त्यांनी नुसती मान वळवली तरी आतले कानडी-मराठी बोलणे एकदम थांबे. माझे नवे चित्र त्यांनी जुन्याशेजारी ठेवले.

“खरं सांगा पावणं. कान केवढं हाईत?”

“माझ्याएवढेच,” मी म्हणालो. त्यांनी माझे कान बराच वेळ निरखले. “आन ह्ये समद्या जत्रंनं बघितलं? गावानं हसावं असला जावय काय करायचाय आमाला?”

आबांचा चेहरा पडला. इतक्यात चहा घेऊन आलेली मुलगी, शालन, दाराशीच थबकली. वडिलांकडे न पाहता, जुन्या चित्राकडे बोट करत तिने मला विचारले, “तुमी ह्ये काढलं, तवा त्ये काय करत हुतं?”

“हसत होता,” मी म्हणालो. “सगळ्यांत जास्त तोच हसला. कान अजून वाढवा म्हणाला.”

“रागावलं न्हाईत?”

“नाही.”

तिने नवे, सुबक चित्र उचलून माझ्या हातात दिले आणि सुपाएवढ्या कानांचे स्वतःकडे घेतले. “मग ह्येच ऱ्हाऊ द्या,” म्हणाली. “त्या घरात बोलायला भ्या न्हाई वाटायचं.”

अण्णांनी चहाची बशी उचलली, ती तोंडापर्यंत नेऊन परत खाली ठेवली, आणि “बरं” एवढेच म्हणाले. हणमंताला पुढची रजा मिळाली तेव्हा लग्न झाले.

मी मात्र त्या दिवशी परतीच्या वाटेवर फार अस्वस्थ होतो. ज्या कलेला मी विटलो होतो तिच्यातून एका मुलीने तिला हवे ते बरोबर वाचून घेतले होते. सारा जन्म मी दुसऱ्यांना त्या स्टुलावर बसवले. आपण कधी बसलो का? घरी पोचताच आरसा पुढे घेतला आणि स्वतःचे अर्कचित्र काढले. सुजऱ्या पापण्या, लोंबणारे गाल, जगावर उपकार केल्यासारखे मुडपलेले ओठ. काही म्हणजे काही लपवले नाही. हात कितीतरी दिवसांनी मनापासून चालला होता. मागे येऊन उभ्या राहिलेल्या बायकोने ते पाहिले आणि ती पदर तोंडाला लावून खळखळून हसली.

आणि मला राग आला. “हसण्यासारखं काय आहे त्यात?” मी ओरडलो, आणि ती गप्प झाली.