फाट्यावरची पांढरी चादर

इनॉक टर्व्हीसारखा सरळ माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि देवाने दुसरा घडवूही नये. एक पुरे. आमच्या फाट्याच्या, म्हणजे मोठ्या लाइनीतून फुटून गावाकडे येणाऱ्या लाइनीवर तो एकोणीस वर्षं मुकादम होता. रोज सकाळी ओल्डक्रॉफ्ट जंक्शनपर्यंत चार मैल रुळांतून चालत जायचा, सैल खिळे ठोकायचा, परत यायचा. इंजिनातून पडलेला कोळसा दिसला तर उचलून स्टेशनात जमा करायचा. घरातली शेगडी थंड असली तरी. मी त्याच्या शेजारची फाटकवाली, नवरा गेल्यावर फाटकाचं काम माझ्याकडे आलं. दारात उभी राहून मी ओरडायचे, "इनॉक, प्रामाणिकपणावर चहा उकळत नाही रे बाबा!" तो टोपीला हात लावायचा आणि पुढे जायचा.

त्याची बायको हेस्टर. जिन्यावरून पडून कंबर मोडली, तेव्हापासून दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. जीभ मात्र ठणठणीत. १९११च्या उन्हाळ्यात लंडनहून उत्तरेकडे विमानांची शर्यत निघणार असं पेपरात आलं, आणि हेस्टरने मला हाक मारली.

"पेलबाई, खरंच माणूस वर बसलेला असतो का हो?"

"असतो म्हणतात. अक्कल खाली ठेवून बसतो."

"मला बघायचाय तो. मरायच्या आधी एकदा." तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण ठाऊक होतं. पुढचा हिवाळा काही ही काढत नाही, असं डॉक्टर मला जिन्यात म्हणाले होते.

आता त्या विमानवाल्यांना रस्ता कुठला माहीत? खाली रूळ बघत जायचं, एवढंच त्यांचं शास्त्र. जंक्शनला रूळ दोन वाटांना फुटतात, तिथे गडी चुकू नये म्हणून रेल्वेच्या साहेबांचा हुकूम आला: उत्तरेकडे जाणाऱ्या मोठ्या लाइनीच्या रुळांखालच्या स्लीपरांना शंभर यार्डांपर्यंत चुना मारा. काम इनॉककडे. मी त्याला गाठलंच.

"फाट्यावर मार की चुना! येईल सरळ हेस्टरच्या खिडकीवरून. एक बादली इकडची तिकडे, कोण विचारतंय?"

त्याचा चेहरा पडला. "पेलबाई, तो माणूस माझ्या चुन्यावर भरवसा ठेवून येणार."

दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मीही नाही बोलले. माझं काय अडलं होतं! मोठ्या लाइनीवर त्याने चुना असा मारला, की चर्चच्या भिंतीला कुणी मारला नसेल.

शर्यतीच्या दिवशी पहाटेच त्याने दार वाजवलं. रुळावर त्याची ढकलगाडी उभी, तिच्यावर गादी. "हेस्टरला उचलायला हात लावा."

ढकलगाडीवर बाहेरचं माणूस बसवलं तर मुकादमी जाते, हे लाइनीवरच्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. "आणि नियम?" मी विचारलं.

"मोडतोय," तो म्हणाला. स्वतःचा दात उपटावा तसं. नऊपर्यंत फाट्यावर गाडी नाही, हे मात्र त्याने तीनदा तपासलं होतं.

लोक बघतील म्हणून हेस्टरने लग्नातल्या पांढऱ्या चादरी काढून गादीवर घालायला लावल्या. आम्ही दोघं ढकलतोय आणि ही वरून, "अरे हळू! हाडं आहेत माझी, खडी नाही!" चार मैल तिच्या तोंडाचा पट्टा चालू होता. मी इतकी कधी हसले नव्हते.

जंक्शनला पोचून गाडी फाट्यावरच थांबवली, मोठ्या लाइनीला अडचण नको म्हणून. कुंपणावर अख्खं गाव बसलेलं. मग मळणीयंत्रासारखी धडधड ऐकू आली. विमान आलं, रुळांवरून आलं, धुराड्यांना घासेल इतकं खाली. आणि वळलं ते आमच्याकडे! दवाने भिजून चुना फिका पडला होता, आणि फाट्यावर हेस्टरच्या चादरी लखलखत होत्या. त्या मेल्याला तीच खूण वाटली!

मी खडीवर पालथी पडले. मान वळवून बघते तर हेस्टरने चादर डोक्यावरून ओढलेली, आत देवाचा धावा चाललेला. विमान वरून गेलं, फाट्याने गेलं, दिसेनासं झालं.

"हेस्टर! पाहिलंस?" इनॉक विचारत होता.

चादरीतून लालबुंद तोंड बाहेर आलं. "पाहिलं तर! सगळं पाहिलं!" मी तोंड उघडणार, तोच तिने मला असा चिमटा काढला की आठ दिवस काळानिळा डाग होता.

आमच्या गावाला रूळ संपतात. विमानवाला पाद्रीबुवांच्या कोबीत उतरला, शर्यत हरला, आणि तेलाने माखलेल्या मिशा घेऊन रुळांवरून तणतणत जंक्शनला परत आला. "फाट्यावर पांढरं कुणी ठेवलं?" गावाने टोप्या डोळ्यांवर ओढल्या. एकजण बोलेल तर शपथ. इनॉकने टोपी काढली. "साहेब, चादर माझी. गाडीपण माझी."

विमानवाला हेस्टरकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बाई, निदान तुम्हाला तरी नीट दिसलो ना?"

"दिसलात तर! मिशा केवढ्या त्या!"

तो खो खो हसला. रेल्वे नाही हसली. इनॉकची मुकादमी गेली. अर्ध्या वयाच्या पोराच्या हाताखाली तो फावडं मारू लागला. आणि रोज संध्याकाळी हेस्टरला विचारायचा, "हात हलवला होता त्याने?" "हलवला तर! रुमालसुद्धा!" दर आठवड्याला विमानाला नवीन काहीतरी फुटायचं. भिंतीपलीकडे मी चरफडायचे. माणसाची मुकादमी गेली, आणि बाईने बघितलं काय, तर चादर!

फेब्रुवारीत ती गेली. पुरून आल्यावर मी इनॉकला चहा दिला, आणि मला राहवेना. "इनॉक, त्या दिवशी हेस्टर..."

"चादरीखाली होती. ठाऊक आहे मला."

"तुला कसं ठाऊक? तू तर विमान बघत होतास!"

"मी कुठला विमान बघतोय, पेलबाई! दोन वर्षांनी ती उन्हात आली होती. मी तिलाच बघत होतो." त्याने कप खाली ठेवला. "तिने सांगितलं, तेवढंच विमान मी पाहिलंय."