मोक हाडवाला

क्यूबातल्या त्या साखरेच्या मळ्यावर आम्ही सगळे चिनी आठ वर्षांच्या कराराने आलेलो. मार सगळ्यांना सारखाच होता, पण मोक याउला आम्हीसुद्धा वाळीत टाकलं होतं. गावाकडे पुरलेली हाडं काही वर्षांनी उकरून, धुऊन रांजणात बसवायची, हा त्याचा धंदा. असल्या माणसाच्या वाडग्याला कोण शिवणार? मी तर नाहीच.

"काय हाडवाल्या, माझ्यासाठी रांजण बघून ठेवलास का?" मी चिडवायचो.

"तुला रांजण कशाला? लोणच्याची बरणी पुरेल!" असं म्हणून तोच आधी हसायचा.

त्याचा धाकटा भाऊ साउ माझ्या शेजारी ऊस तोडायचा. एके दिवशी तो तापाने फणफणला आणि सरीतच बसला. मुकादमाने चाबूक ओढला. साउ उठेना, तशी त्याने चाबकाची मूठ उलटी धरून डोक्यात घातली, आणि साउ हलायचा थांबल्यावरही तो घालतच राहिला.

"भट्टीत टाका याला, बैलांच्या हाडांबरोबर," मुकादम घाम पुसत म्हणाला. "जिवंतपणी कामाला आला नाही, आता साखर तरी पांढरी करेल."

हाडांच्या कोळशातूनच आमची साखर गाळली जायची. प्रेत भट्टीत गेलं. मी धावत जाऊन मोकला सांगितलं. तो काहिलीवर मळी काढत होता. त्याने उकळत्या रसाने डाव भरला, बाहेर आला आणि मुकादमाच्या तोंडावर ओतला. गालाची कातडी हनुवटीवर लोंबू लागली. संध्याकाळपर्यंत गुरासारखा ओरडत मुकादम मेला. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला.

मोकवर कुत्री सोडली. पोटऱ्या फाडून झाल्यावर त्याचे पाय खोड्यात अडकवले. मी पाणी पाजायला गेलो.

"साउला काढलंस का रे बाहेर?"

"काढलं, दादा. रांजणात बसवलं."

"गुडघ्याच्या वाट्या कुठे ठेवल्यास?"

मी पाण्याचा वाडगा त्याच्या तोंडाशी नेला.

"बोल की, मेल्या!"

"दादा, नुसता कोळसा होता. त्यांनी तो कुटूनही टाकला."

मोक खोड्यावर डोकं आपटत रडला. मग माझी वेणी धरून मला खाली ओढलं. "मला त्या भट्टीत जाऊ देऊ नका. पाया पडतो."

सकाळी सगळ्यांना उभं करून त्याला मरेपर्यंत फोडलं. प्रेत भट्टीकडे न्यायला गाडी आली. मी पुढे झालो आणि त्याचे रक्ताळलेले पाय छातीशी धरले. पहारेकऱ्याने बंदूक झाडली. गोळी शेजारच्या क्वानच्या गळ्यात घुसली. तो माझ्या अंगावर कोसळला, तरी मी पाय सोडले नाहीत. आमच्यातल्या कोणाचा तरी कोयता पहारेकऱ्याच्या मनगटावर बसला. ऐन गाळपाचा हंगाम. आणखी हात कमी करणं मालकाला परवडेना. त्याने गाडी परत बोलावली.

मोकला बांधाशी पुरलं. करार संपल्यावर मीच त्याला उकरलं आणि हाडं धुतली. शिसारी आली नाही. रांजण मुद्दाम मोठा आणला होता, दोघे भाऊ मावतील असा. मोकला त्यात बसवलं. साउचं ठेवायला काहीच नव्हतं.